डिस्क-संचाचा भंग आणि लिनक्स यंत्रणेची पुनर्स्थापना : एक आढावा

प्रश्नाची व्याप्ती

आदिलाबाद जिल्ह्याच्या दप्तराइतकी स्थित्यंतरे पाहिलेले दप्तर या सीमाप्रदेशात दुसरे क्वचितच सापडेल. निजामी अमदानीतील उर्दू मुंतखबे आणि पहाणीपत्रके, १९५४-५५ सालची खासरा पहाणी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखाला जोडले गेले तो काळ, आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी मूळ जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कुमुरम भीम आसिफाबाद असे चार भाग झाले तो अलीकडचा प्रसंग, अशा प्रत्येक वळणावर कागद कोठे आहे, त्याची नक्कल कोणापाशी आहे आणि अस्सल हरवल्यास ती नक्कल ग्राह्य धरावी काय, हे प्रश्न नव्याने उभे राहिले. नोंदणी खात्यातील दस्तऐवज संगणकावर नेण्याची ‘कार्ड’ योजना तत्कालीन आंध्र प्रदेशात १९९८ मध्ये सुरू झाली. २९ ऑक्टोबर २०२० रोजी तेलंगणात जमिनीच्या नोंदींची ‘धरणी’ ही संगणकीय व्यवस्था आली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिची जागा ‘भूभारती’ने घेतली. रुमालात बांधलेला कागद अशा रीतीने फिरत्या तबकडीवर गेला. जुने प्रश्न मात्र तबकडीबरोबरच गेले, आणि त्यांत एकाची भर पडली : ती तबकडी निकामी झाली तर काय करावे?

राज्याच्या मध्यवर्ती केंद्रातील प्रचंड संचयव्यवस्थांचा विचार येथे मुख्यत्वेकरून कर्तव्य नाही. त्यांच्या दिमतीस तज्ज्ञ मंडळी असतात आणि पुरवठादाराशी केलेले करारही असतात. हा आढावा आहे तो जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणी, शाळा-महाविद्यालयाच्या कचेरीत, रुग्णालयाच्या कोपऱ्यात, जिनिंग कारखान्याच्या हिशेबखोलीत चालणाऱ्या, दोन-चार डिस्कांच्या, बहुधा फुकट मिळते म्हणून आणि टिकाऊ आहे म्हणून लिनक्सवर उभारलेल्या सर्व्हरांच्या संदर्भातला. अशा सर्व्हरात एके दिवशी ‘डिस्क गेली’ असा पुकारा होतो, तेव्हा पुढे काय करावे याविषयी जाणत्यांतही एकमत नाही. हे मतभेद कोठून आले, त्यांतील पक्ष कोणते आणि कोणत्या बाबी अद्याप अनिर्णित आहेत, हे क्रमाने पाहावयाचे आहे.

पूर्वपीठिका

अनेक डिस्का एकत्र जोडून त्यांतील एखादी निकामी झाली तरी काम अडू नये, ही कल्पना तशी जुनी आहे. आयबीएममधील नॉर्मन औची यांना या स्वरूपाच्या योजनेचे पेटंट १९७८ मध्येच मिळाले होते. परंतु तिला शास्त्रशुद्ध वर्गवारी दिली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी, १९८८ सालच्या त्यांच्या सुप्रसिद्ध निबंधात. अशा संचासच ‘रेड’ म्हणतात. मोठ्या संगणकांच्या एकेका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांच्या स्वस्त डिस्का मोठ्या संख्येने वापराव्यात, हा त्यांचा प्रस्ताव. आणि डिस्कांची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याचा संभवही त्याच प्रमाणात वाढतो, यास्तव संचातच पुरवणी माहितीची तरतूद करावी, हे त्या प्रस्तावाचे अपरिहार्य उपांग. त्यांनी कल्पिलेल्या पाच पातळ्यांपैकी पहिली आणि पाचवी या आजही सर्वत्र आढळतात. शून्य पातळी, म्हणजे कसलेही संरक्षण नसलेली नुसती विभागणी, सहावी, म्हणजे दुहेरी संरक्षण, आणि पहिली व शून्य यांच्या संयोगाने झालेली दहावी, ही नावे मागाहून रूढ झाली.

पहिल्या पातळीत प्रत्येक अक्षर दोन डिस्कांवर जसेच्या तसे लिहिले जाते. पाचवीची युक्ती अधिक सूक्ष्म आहे. चावडीच्या हिशेबात तीन गावांच्या वसुलीचे आकडे आणि त्यांची बेरीज अशा चार रकमा मांडलेल्या असल्या, तर कोणत्याही एका गावाचा आकडा पुसला गेला तरी बेरजेतून उरलेले वजा करून तो परत मिळविता येतो. दोन आकडे एकदम पुसले गेले तर मात्र बेरीज हतबल होते. प्रत्यक्षात ही बेरीज नसून द्विमान अंकांवरील ‘एक्स-ऑर’ नावाची क्रिया असते, आणि तिचे फलित, ज्यास पॅरिटी म्हणतात, आळीपाळीने सर्व डिस्कांवर विखुरले जाते. सहाव्या पातळीत दोन निरनिराळ्या समीकरणांनी दोन फलिते काढतात, म्हणून दोन डिस्का गमावूनही मजकूर वाचतो.

लिनक्सच्या कर्नलात ही व्यवस्था ‘एमडी’ या नावाने शिरली. १९९६ सालच्या २.० आवृत्तीच्या सुमारास तिचे रूप प्राथमिक होते. जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीपासून पहिली आणि पाचवी पातळी मूळ कर्नलात स्थिरपणे नांदू लागली. त्याच वर्षी नील ब्राऊन यांनी ‘एमडी-अ‍ॅडम’ हे साधन लिहिण्यास प्रारंभ केला. आज ज्यास कोणी ‘लिनक्सचे सॉफ्टवेअर रेड’ म्हणतो, त्याचा बहुतेक सगळा कारभार या एका साधनाच्या हुकमतीखाली चालतो. सहाव्या पातळीची भर २००४ मध्ये पडली आणि तिचे गणित एच. पीटर अ‍ॅन्विन यांनी विशद करून ठेवले आहे.

पहिली डिस्क गेल्यानंतर

पहिली डिस्क जाते तेव्हा बहुतेक वेळा कोणास काही कळत नाही, आणि खरे पाहता संचाचा हाच मोठा गुण व हाच मोठा धोका होय. कचेरीतील काम चालू राहते, छपाई होते, नोंदी होतात. कर्नलाच्या ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘एमडीस्टॅट’ ही फाईल कोणी उघडून पाहिली तरच, जेथे चौकटी कंसात दोन ‘यू’ शेजारीशेजारी दिसावयाचे तेथे एक ‘यू’ आणि त्याच्या शेजारी एक नुसती आडवी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे गेलेली डिस्क. एमडी-अ‍ॅडमला पहाऱ्यावर बसवून अशा प्रसंगी ईमेल पाठविण्याची सोय अगदी आरंभापासून आहे. परंतु ज्या यंत्रावर बाहेर पत्र धाडण्याची व्यवस्थाच लावलेली नाही, तेथे तो इशारा यंत्राच्याच पोटातील टपालपेटीत पडून राहतो, आणि दुसरी डिस्क जाईपर्यंत वाचला जात नाही.

इशारा मिळाला, तर पुढचा विहित क्रम वरकरणी सोपा आहे : सदोष डिस्क संचातून काढावी, अनुक्रमांक पाहून नेमकी तीच बाहेर ओढावी, नवीन डिस्कवर जुन्यासारखेच विभाग पाडावेत, ती संचात दाखल करावी आणि पुनर्बांधणी पुरी होईपर्यंत वाट पाहावी. यातील अनुक्रमांकाची बाब क्षुल्लक वाटते. पण पेटीवर कोणत्या खणात कोणती डिस्क आहे याची चिठ्ठी नसली आणि अधिकाऱ्याने अंदाजाने हात घातला, तर चालू स्थितीतील डिस्कच बाहेर येते आणि संच जागच्या जागी कोसळतो.

यंत्रणाच ज्या डिस्कवरून सुरू होते ती गेली असेल, तर प्रश्न निराळा वळसा घेतो. डेटा उरलेल्या डिस्कवर सुखरूप असतो, परंतु यंत्र सुरूच होत नाही, कारण ‘ग्रब’ हा आरंभकर्ता स्थापनेच्या वेळी केवळ पहिल्या डिस्कच्या शीर्षभागी बसविलेला असतो. जुन्या बायोसच्या यंत्रात यावर उपाय सरळ आहे. ग्रब प्रत्येक डिस्कवर स्वतंत्रपणे बसवावा. नव्या यूईएफआय यंत्रांत आरंभाचा विभाग फॅट पद्धतीचा असावा लागतो, आणि तो फर्मवेअर थेट वाचते. त्यास एमडीची मुळीच ओळख नसते. यास्तव काही जण हा विभाग जुन्या ‘१.०’ धाटणीच्या नोंदीने, म्हणजे संचाची ओळखखूण विभागाच्या शेवटी ठेवून, दोन्ही डिस्कांवर प्रतिबिंबित करतात. दुसरा पक्ष म्हणतो की फर्मवेअरने त्या विभागात परस्पर काही लिहिले तर दोन प्रतींत तफावत पडेल आणि एमडीला तिचा पत्ता लागणार नाही, म्हणून दोन स्वतंत्र विभाग ठेवून प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर एकाची नक्कल दुसऱ्यावर करावी. दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी सयुक्तिक आहे, आणि निरनिराळी लिनक्स वितरणे आजही निरनिराळ्या वाटांनी जातात.

पुनर्बांधणीचे गणित

सर्वांत दीर्घकाळ चाललेला वाद पाचव्या पातळीविषयीचा. २००७ मध्ये संचयव्यवस्थांचे विश्लेषक रॉबिन हॅरिस यांनी असे भाकीत केले की २००९ पर्यंत ही पातळी निरुपयोगी होईल. त्यांचा युक्तिवाद उत्पादकांच्याच तपशीलपत्रकावर उभा होता. सामान्य डिस्कच्या पत्रकात, १० चा चौदावा घात इतके बिट वाचताना एखादा न वाचता येणारा सेक्टर आढळू शकतो, असे नमूद असते. म्हणजे सुमारे १२.५ टेराबाइटांमागे एक. चार टेराबाइटांच्या चार डिस्का पाचव्या पातळीत लावल्या आणि त्यांतील एक गेली, तर पुनर्बांधणीसाठी उरलेल्या तिन्ही, म्हणजे एकंदर १२ टेराबाइट, अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि पत्रकातील आकडा अक्षरशः खरा मानला तर वाटेत एखादा सेक्टर न वाचला जाण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर जाते. सर्व्हरसाठी बनविलेल्या डिस्कांचा आकडा दहापट चांगला असतो. त्यांच्या बाबतीत हीच शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास येते.

प्रतिपक्षाचे उत्तर असे की पत्रकातील आकडा ही उत्पादकाने स्वतःस घालून घेतलेली कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष अनुभवाची सरासरी नव्हे. जिम ग्रे आणि कॅथरीन व्हॅन इंगन यांनी २००५ मध्ये स्वस्त यंत्रसामग्रीतून सुमारे दोन पेटाबाइट मजकूर हलवून पाहिला, तेव्हा वाचनदोषाच्या घटना पाचच आढळल्या. पत्रक खरे असते तर त्या दीडशेच्या घरात जावयास हव्या होत्या. उलटपक्षी नेटअ‍ॅप या कंपनीच्या १५ लाखांहून अधिक डिस्कांच्या अभ्यासात ३२ महिन्यांच्या अवधीत ३.४५ टक्के डिस्कांवर सुप्त सदोष सेक्टर निघाले, आणि ते एकेकटे न राहता घोळक्याने आढळतात, असेही दिसून आले. तेव्हा दोष सर्वत्र सारखा विखुरलेला आहे हे हॅरिस यांच्या हिशेबातील गृहीतक टिकत नाही. पण सर्व काही निर्धोक आहे, असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरे एक गृहीतक याहून महत्त्वाचे आहे. एक डिस्क गेली म्हणून दुसरी जाण्याचा संभव वाढत नाही, असे जुने गणित धरून चाले. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वार्षिक बदलीचे प्रमाण पत्रकांतील एक टक्क्याहून कमी आकड्याऐवजी सामान्यतः २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले, आणि बिघाड एकापाठोपाठ एक येण्याकडे कल असल्याचेही स्पष्ट झाले. एकाच खरेदीत, एकाच पेटीतून आलेल्या, सारख्याच वर्षांच्या, एकाच उष्णतेत चाललेल्या डिस्का एकमेकींपासून स्वतंत्र कशा राहणार? त्यातच जी डिस्क एरवी निवांत असते तिला पुनर्बांधणीच्या काळात अखंड राबावे लागते. १२ टेराबाइटांची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या सुखद वेगाने भरली तरी सुमारे २२ तास लागतात, आणि कचेरीचे काम चालू ठेवून भरली तर त्याहून पुष्कळ अधिक. सहाव्या पातळीचे कैवारी या २२ तासांकडे बोट दाखवितात. दहाव्या पातळीचे कैवारी म्हणतात की आमच्या पद्धतीत केवळ जोडीदार डिस्क वाचावी लागते, सबंध संच नव्हे. दोन-तीन डिस्कांच्या लहान सर्व्हरापुरते पाहिले तर साधी पहिली पातळी घ्यावी, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही.

या वादात एक बाब मात्र निर्विवाद ठरली आहे : संच निरोगी असताना तो नियमितपणे पूर्ण वाचून तपासला पाहिजे. सुप्त दोष वेळीच सापडला तर एमडी तो सेक्टर अन्य डिस्कांवरून सिद्ध करून पुन्हा लिहितो. डेबियनमध्ये ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. परंतु लिनक्स एखाद्या डिस्कच्या उत्तरासाठी सामान्यतः ३० सेकंद थांबते, आणि स्वस्त डिस्का सदोष सेक्टर वाचण्याचा हट्ट त्याहून कितीतरी अधिक काळ चालवितात; मग कर्नल ती डिस्क मृत समजून संचाबाहेर काढतो, वस्तुतः एकच सेक्टर खराब असताना. डिस्कला सात सेकंदांत हार मानावयास शिकविणे, किंवा ते तिला येत नसल्यास कर्नलाची मुदत १८० सेकंदांपर्यंत वाढविणे, हा यावरचा प्रचलित इलाज. ज्या संचांना ‘दोन डिस्का एकदम गेल्या’ म्हणून मृत ठरविले जाते, त्यांतील कितीतरी या एका कारणाने मेलेले नसतात, बेशुद्ध असतात.

सक्तीची जुळवणी

येथून आपण सर्वांत नाजूक टप्प्यावर येतो. संच उभा राहत नाही, बॅकअप नाही किंवा जुना आहे, आणि चार डिस्कांपैकी दोन बाहेर पडल्या आहेत. प्रत्येक डिस्कवर एमडीने स्वतःची ओळखखूण आणि घटनांचा क्रमांक लिहून ठेवलेला असतो. चारही क्रमांक शेजारीशेजारी मांडले की कोणती डिस्क केव्हा मागे पडली हे रोजकीर्दीप्रमाणे वाचता येते. क्रमांकांत थोडीच तफावत असेल तर एमडी-अ‍ॅडमला ‘फोर्स’ सांगून सर्वांत अलीकडच्या डिस्कांची सक्तीने जुळवणी करता येते आणि बहुधा नुकसान थोडक्यात निभावते. अनुभवी मंडळींचा एक पक्ष ही वाट प्रथम चोखाळावी म्हणतो, कारण वेळ वाचतो आणि कचेरी संध्याकाळपर्यंत चालू होते.

दुसरा पक्ष अधिक सावध आहे. त्यांचे म्हणणे असे की आजारी डिस्कवर काहीही लिहिण्यापूर्वी तिची बिट-न्-बिट नक्कल करावी, आणि पुढचे सारे प्रयोग त्या नकलेवर करावेत. यासाठी अँतोनिओ दियाझ दियाझ यांचे ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे साधन रूढ आहे. ते प्रथम सुलभपणे वाचता येणारा भाग उचलते, अवघड भाग मागाहून, पुनःपुन्हा प्रयत्न करून घेते, आणि कोठवर पोचलो याची टिपणवही ठेवते, जेणेकरून वीज गेली तरी काम तेथूनच पुढे चालू होते. नकलांसाठी पुरेशा डिस्का नसतील तर मूळ डिस्कवर एक पातळ आच्छादन घालून, सर्व लिखाण त्या आच्छादनातच पडेल अशी व्यवस्था कर्नलाच्या ‘डिव्हाइस मॅपर’द्वारे करता येते, तथापि जी डिस्क शारीरिक दृष्ट्या मरणपंथाला लागली आहे, तिच्या बाबतीत आच्छादनाचा उपयोग नाही, नक्कलच हवी.

‘क्रिएट’ हा हुकूम देऊन जुन्याच डिस्कांवर संच नव्याने निर्माण करावा काय, याविषयी मात्र दोन्ही पक्षांची भाषा कडक होते. डिस्कांचा क्रम, खंडाचे आकारमान, ओळखखुणेची धाटणी आणि डेटा जेथून सुरू होतो ते अंतर, या सर्व गोष्टी पूर्वीसारख्याच तंतोतंत जुळल्या तरच हा मार्ग तरतो. एमडी-अ‍ॅडमच्या जुन्या आवृत्त्या खंड ६४ किलोबाइटांचा धरीत, नंतरच्या ५१२ चा धरतात. ओळखखूण पूर्वी ‘०.९०’ धाटणीची असे, पुढे ‘१.२’ झाली, आरंभीचे अंतरही आवृत्तीगणिक बदलले आहे. २००८ मध्ये उभारलेला संच आजच्या यंत्रावर, ‘आहे तसेच मान’ ही अट न घालता, नव्याने निर्माण केला, तर संच उभा राहतो, पुनर्बांधणी निर्वेधपणे सुरू होते आणि ती सुरू होताच जुना मजकूर क्रमशः पुसला जातो. संगणकाच्या पडद्यावर या सर्व काळात दोषाची एकही ओळ उमटत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या बाबतीत सावध पक्षाचे पारडे स्पष्टपणे जड आहे : चार डिस्कांची ओळखखूण वाचून ती कागदावर उतरवून घेण्यास काही मिनिटे लागतात, आणि त्या कागदावाचून पुढचे प्रत्येक पाऊल अंधारात पडते.

कंट्रोलर, कर्नल आणि फाईलसिस्टम

संचाचा कारभार कोणी पाहावा, हा तिसरा वाद आता काहीसा निवला आहे. हार्डवेअर कंट्रोलरचे गुण दोन : कर्नलावर भार पडत नाही, आणि बॅटरीच्या आधाराने वीज गेली तरी अर्धवट लिहिलेला मजकूर टिकून राहतो. दोष असा की कंट्रोलरच जळाला तर त्याच जातीचा दुसरा मिळाल्याविना डिस्का वाचणे दुर्घट होते, कारण प्रत्येक उत्पादकाची लेखनपद्धती निराळी. एमडीचा संच कोणत्याही लिनक्स यंत्रात जोडून वाचता येतो, ही गोष्ट बाजारपेठेपासून दूर असलेल्या ठिकाणी अतिशय मोलाची आहे.

वीज जाण्याच्या क्षणी मजकूर लिहिला गेला पण पॅरिटी लिहिली गेली नाही, तर दोहोंत विसंगती राहते आणि ती पुढे एखादी डिस्क गेल्यावर प्रकट होते. यास ‘राइट होल’ म्हणतात. एमडीमध्ये त्यासाठी २०१६ पासून वेगळ्या डिस्कवरील रोजनिशीची आणि २०१७ पासून आंशिक पॅरिटी-नोंदीची सोय आहे, परंतु दोन्ही आपण होऊन लावाव्या लागतात.

झेडएफएस या फाईलसिस्टमने या प्रश्नाचे मूळच छाटले. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू आरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडविलेली ही रचना २००५ मध्ये खुली झाली. तिच्यात प्रत्येक खंडाची चाचणीसंख्या वेगळी नोंदलेली असते. म्हणून डिस्कने चुकीचा मजकूर बिनदिक्कत खरा म्हणून दिला, तर तो ओळखता येतो, आणि पुनर्बांधणीत प्रत्यक्ष वापरलेलाच भाग पुन्हा लिहिला जातो. एखादा सेक्टर वाचता आला नाही तर नेमकी कोणती फाईल बिघडली तिचे नाव ती सांगते. परवान्यांच्या विसंगतीमुळे ती मूळ लिनक्स कर्नलात येऊ शकलेली नाही, आणि या कायदेशीर मुद्द्यावर विधिज्ञांतही दोन तट आहेत. क्रिस मेसन यांनी २००७ मध्ये आरंभिलेली बीटीआरएफएस ही फाईलसिस्टम कर्नलाचाच भाग आहे. तिची पहिली पातळी विश्वासार्ह मानली जाते, पाचवी आणि सहावी २०१३ मध्ये आली तरी त्यांविषयी खुद्द तिच्या कर्त्यांचाच सावधगिरीचा इशारा कायम आहे.

संच आणि नक्कल

संच म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य या क्षेत्रात सर्वांच्या मुखी आहे. व्यवहारात त्याचे विस्मरण मोठमोठ्या संस्थांना झालेले दिसते. ऑक्टोबर २०१६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात संचयव्यवस्थेतील एक भाग बिघडला, तो बदलताना संपूर्ण व्यवस्था कोसळली, आणि तेव्हा काही विभागांच्या सामायिक फाईलींची पुरेशी नक्कल कोठेच नाही असे उघडकीस आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या करखात्याची व्यवस्था बंद पडली. ८०० डिस्कांपैकी १२ बिघडल्या होत्या, परंतु पुनर्स्थापनेसाठी लागणारी काही साधने त्याच कोसळलेल्या व्यवस्थेत ठेवलेली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी केंद्रात आग लागून ‘जी-ड्राइव्ह’ या भांडारातील ८५८ टेराबाइट मजकूर गेला. आकारमान फार मोठे म्हणून त्याची बाहेर नक्कलच ठेवलेली नव्हती. आपल्याकडे २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास लागलेल्या आगीने शासकीय दप्तरांच्या बाबतीत हाच धडा, कागदाच्या रूपाने, दिला होता.

या प्रसंगांवरून मला असे वाटते की पातळ्यांच्या वादात दोन निरनिराळ्या गरजांची सरमिसळ झालेली आहे. सेवेचे सातत्य ही एक, आणि दप्तराचे जतन ही दुसरी. संच पहिलीसाठी निर्माण झाला; भूलचुकीने पुसलेली फाईल, खंडणीखोर विषाणू, आग, चोरी यांपैकी कशापुढेही तो उभा राहत नाही, कारण चूकदेखील तो तितक्याच निष्ठेने सर्व डिस्कांवर लिहितो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्यत्र, हा छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी प्रचारात आणलेला नियम दुसऱ्या गरजेसाठी आहे. संचावर आक्षेप घेणारे दप्तराच्या बाजूने बोलत असतात, संचाचे कैवारी सेवेच्या बाजूने. आणि एकमेकांचे खंडन होत आहे असे दोघांनाही वाटते.

हवा, वीज आणि अंतर

जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी तीन गोष्टींचा विचार प्राप्त होतो. आदिलाबादेत वैशाखात पारा ४५ अंशांजवळ जातो. उष्णतेने डिस्का लवकर मरतात काय? गूगलच्या २००७ सालच्या, एक लाखाहून अधिक डिस्कांच्या अभ्यासात मध्यम तापमानाच्या पल्ल्यात असा ठळक संबंध आढळला नाही. मायक्रोसॉफ्टच्या केंद्रांवरील २०१३ सालच्या अभ्यासात तो आढळला. आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने तापमानापेक्षा हवेतील आर्द्रतेस अधिक दोषी ठरविले. तिन्ही अभ्यास मोठ्या केंद्रांतले. पंखा आणि खिडकी यांच्या भरवशावर चालणाऱ्या खोलीस ते कितपत लागू करावेत, हे त्यांतून ठरत नाही. सातनाला आणि पैनगंगेच्या खोऱ्यातील पावसाळी आर्द्रता लक्षात घेता तिसऱ्या निष्कर्षाकडे येथील मंडळींनी अधिक लक्ष पुरविणे उचित होईल.

वीजपुरवठा खंडित होण्याविषयी वर सांगितलेच आहे. यूपीएस असूनही तो यंत्रास ‘आता मिटून घे’ असा संदेश देत नसेल, तर बॅटरी संपताच परिणाम तोच होतो. राहता राहिले अंतर. विशिष्ट जातीची डिस्क आदिलाबादेत तयार मिळेलच असे नाही. ती सुमारे ३०० किलोमीटरांवरील हैदराबादेहून किंवा राष्ट्रीय महामार्ग ४४ ने नागपुराहून यावयाची, आणि तोवर संच एका पायावर उभा. यास्तव एक राखीव डिस्क आधीच आणून ठेवावी, हे बहुतेकांना मान्य आहे. ती संचातच ‘हॉट स्पेअर’ म्हणून जोडून ठेवावी की कपाटात बंद ठेवावी, यावर मात्र मते विभागलेली आहेत : जोडलेली डिस्क माणूस नसतानाही कामास लागते, पण संशयास्पद स्थितीत, कोणी विचार करण्यापूर्वीच, पुनर्बांधणीचा ताण उरलेल्या डिस्कांवर टाकते. शिवाय डिस्का विकत घेताना त्या ‘शिंगल्ड’ पद्धतीच्या, म्हणजे एकमेकांवर अंशतः चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या, नाहीत याची खात्री करावी लागते; अशा डिस्का पत्रकात उल्लेख न करता संचासाठी म्हणून विकल्या जात असल्याचे २०२० मध्ये उघड झाले, आणि पुनर्बांधणीच्या वेळी त्या असह्य मंद होतात किंवा संचाबाहेर फेकल्या जातात.

अनिर्णित बाबी

पहिली डिस्क जाताच पुनर्बांधणी आधी करावी की बॅकअप आधी अद्ययावत करावा, या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. पुनर्बांधणीवादी म्हणतात, संरक्षणावाचून काढलेला प्रत्येक तास धोक्याचा. बॅकअपवादी म्हणतात, सबंध डिस्क वाचण्याचा ताण देण्यापूर्वी निदान अत्यावश्यक फाईली तरी बाहेर काढाव्यात. सहाव्या पातळीत पहिल्या पक्षाचे म्हणणे अधिक पटते, पाचवीत आणि दोन जुन्या डिस्कांच्या पहिल्या पातळीत दुसऱ्याचे. मधल्या अवस्थांत परिस्थिती पाहूनच ठरवावे लागते.

एसएसडींनी जुन्या अभ्यासांचा आधार बराचसा काढून घेतला आहे. त्यांत फिरणारा भाग नाही, पण लेखनाची मर्यादा आहे, आणि प्रतिबिंबित जोडीतील दोन्ही एसएसडींवर अगदी सारखेच लिहिले जात असल्याने त्या एकाच सुमारास झिजण्याचा संभव राहतो. जोडीत मुद्दाम दोन कंपन्यांच्या किंवा दोन वयांच्या एसएसडी घालाव्यात, असा सल्ला काही जण देतात. काहींच्या मते त्यामुळे वेगातील तफावतीचा नवा त्रास ओढवतो. शिवाय अनेक एसएसडी मरण्यापूर्वी कसलीही पूर्वसूचना देत नाहीत, आणि मेल्यावर डीडीरेस्क्यूने हळूहळू उचलून घ्यावे असे काही मागे ठेवीत नाहीत. त्यामुळे सक्तीच्या जुळवणीचे जे शास्त्र फिरत्या तबकड्यांवर वीस वर्षांत उभे राहिले, त्यातील कितपत भाग पुढे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही.

शेवटची बाब यंत्राची नसून माणसांची आहे. मोठ्या केंद्रांत पुनर्स्थापनेचा सराव ठरावीक काळाने करून पाहतात. लहान कचेरीत ज्याने सर्व्हर बसविला तो बदलून दुसऱ्या गावी जातो आणि संचाची पातळी, डिस्कांचा क्रम, एन्क्रिप्शनची किल्ली ही माहिती त्याच्याबरोबर निघून जाते. कार्यभार हस्तांतरित करताना तिजोरीच्या किल्ल्यांची आणि दप्तराच्या यादीची जशी पावती होते, तशी संचाच्या ओळखखुणेची छापील प्रत आणि अलीकडच्या चाचणी-पुनर्स्थापनेची तारीख कार्यभाराच्या यादीत घालावी, ही सूचना साधी असली तरी तिचा ठरावीक मसुदा अद्याप रूढ झालेला नाही. आणि तो करण्याची जबाबदारी माहिती-तंत्रज्ञान शाखेची, आस्थापना शाखेची की दप्तरदाराची, येथपासूनच चर्चेला सुरुवात करावी लागणार आहे.